नळी मोकळी झाली

कॅथलॅबच्या टेबलावरचा पेशंट जागा असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. मनगटापुरती भूल दिलेली असते, बाकी त्याला सगळं कळत असतं. छातीभोवती फिरणारं क्ष-किरणांचं यंत्र त्याला दिसतं, आम्ही एकमेकांना सांगतो ते आकडे ऐकू येतात. काम संपलं की डॉक्टर बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांशी बोलायला जातात, सिस्टर फाईल भरायला घेतात आणि मनगटावर दाबपट्टा बांधायला मी टेबलापाशी उरतो. तेव्हा पेशंट मान वळवून विचारतो, "झालं का ओ?"

"झालं. नळी मोकळी झाली."

मिरजेच्या परिसरात टेक्निशियन म्हणून तेवीस वर्षं काम करताना हे वाक्य मी हजारो वेळा बोललो आहे. मराठीत बोललो, अथणी-चिकोडीकडच्या पेशंटशी मोडक्यातोडक्या कानडीत बोललो. ते ऐकलं की आवळलेल्या मुठी सैल पडतात. म्हाताऱ्या बायका पडल्या पडल्या हात जोडतात. वाक्य खोटं नव्हतंच, पण ते अर्धं होतं. हे मला एका माणसानं शिकवलं आणि त्याची किंमत त्यानंच मोजली.

तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार, वय त्रेपन्न. त्यांना मी पहिल्या दिवसापासून तात्या म्हणतो. फेब्रुवारीत, ऐन माल उतरायच्या दिवसांत, पहाटे बागेतच त्यांची छाती भरून आली. दरदरून घाम फुटला. घरच्यांनी गॅस समजून सोडा पाजला, ओवा दिला, पाठ चोळली. व्यापाऱ्याची गाडी यायची होती, म्हणून तात्या तसेच तासभर क्रेट मोजत उभे राहिले. आमच्यापर्यंत पोचायला तीन तास गेले.

'गॅस' या शब्दाबद्दल मला थोडं बोलायचं आहे. आमच्याकडे येणारा निम्माशिम्मा माणूस हाच शब्द घेऊन येतो. तो खोटं बोलत नाही. हृदयाच्या दुखण्याला स्वतःची अशी नेमकी जागा नसते. हृदयाकडून येणाऱ्या आणि हात, जबडा, पाठ, पोटाचा वरचा भाग यांच्याकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत एकाच वाटेनं वर जातात, आणि कळ नक्की कुठली हे मेंदूला उमगत नाही. सिनेमातल्यासारखा छाती धरून कोसळणारा माणूस मी फार थोडा पाहिला. बहुतेकांना छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड वाटतं, ढेकर आला तर बरं वाटेल असं वाटत राहतं. बायकांमध्ये तर कित्येकदा तेही नसतं. मशेरी लावणाऱ्या एक आजी दोन दिवस जबडा दुखतोय म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे जात होत्या. तिसऱ्या दिवशी धाप लागली, तेव्हा त्यांचा पहिला ईसीजी निघाला. छातीची तक्रार घेऊन माणूस दारात आला की दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, हा जगभरचा दंडक आहे. पण माणूस दारात यायलाच तीन तास लागत असतील तर त्या दहा मिनिटांचं काय करायचं? रक्त पूर्ण तुटलं की अर्ध्या तासाच्या आतच हृदयाचा स्नायू मरायला सुरुवात होते.

तात्यांची डावी पुढची रक्तवाहिनी बंद होती. तिला आम्ही एलएडी म्हणतो. हृदयाच्या पुढच्या भिंतीवरून टोकापर्यंत उतरणारी ही सर्वांत मोलाची शाखा. डॉक्टरांनी तिच्यातून केसासारखी बारीक तार पुढे सरकवली, फुगा फुगवला, तीन मिलिमीटर व्यासाचा स्टेंट बसवला. क्ष-किरणांत दिसावा म्हणून सोडलेला डाय पडद्यावर काळा होऊन सरसर टोकापर्यंत धावला. तात्या मान तिरपी करून पडद्याकडे बघत होते. छातीतली कळ तिथल्या तिथं उतरली होती.

पट्टा बांधताना त्यांनी विचारलं, "आमच्या ठिबकच्या नळ्यांत क्षार धरत्यात. मग आम्ही ॲसिड सोडतो, नळ्या साफ हुत्यात, डोळ्यादेखत पाणी चालू हुतंय. ह्येबी तसंच म्हणायचं का?"

मी म्हणालो, "तसंच समजा, तात्या. नळी मोकळी झाली."

ऑक्टोबरच्या शेवटी ते परत आले. या खेपेला उभं राहवत नव्हतं. ओठ निळसर, अंग थंड. पुन्हा तीच रक्तवाहिनी. पडद्यावर डाय वरून आला आणि स्टेंटच्या तोंडाशी थांबला. फळछाटणीत कातरीनं काडी तोडावी तशी ती रक्तवाहिनी तिथंच संपली होती. डॉक्टरांनी एक पोकळ कॅथेटर आत घालून पिचकारीनं ओढून घेतलं आणि ते गाळणीवर उपडं केलं. गव्हाच्या दाण्याएवढ्या दोन काळपट तांबड्या गुठळ्या. मी त्या गॉजवर घेतल्या. एवढासा ऐवज, पण त्यापायी आमच्यासमोर एक माणूस चालला होता.

तात्या वाचले. पण पुढच्या भिंतीचा बराच स्नायू मेला. पहिल्या झटक्यानंतर त्यांच्या हृदयाचं पंपिंग पंचेचाळीस टक्के होतं, ते तीसवर आलं. निरोगी हृदयात ते पंचावन्नच्या पुढे असतं.

दोन दिवसांनी मी वॉर्डात गेलो. टेक्निशियननं वॉर्डात जायचा तसा रिवाज नाही, पण मला राहवलं नाही. गोळ्या चालू होत्या का, एवढंच विचारलं. तात्यांच्या बायकोनं, काकींनी, त्यांच्याकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "छाटणी लागली. कातरी जरा बोटाला लागली की रगत थांबंना. दोन दोन तास फडकं बांधून बसायला लागायचं. मग म्हटलं, नळी तर मोकळी झालीया, आता गोळ्या कशाला? बंद केल्या सगळ्याच." जरा थांबून म्हणाले, "तुम्हीच म्हणाला हुतात की."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझं वाक्य त्यांनी प्रामाणिकपणे पाळलं होतं. नळीतला क्षार गेला की ॲसिड कोण सोडत बसेल?

घरी जाताना मी पहिल्यांदा नीट विचार केला, की आम्ही लोकांच्या डोक्यात कसलं चित्र भरून पाठवतो. ब्लॉक, नळी, पंपिंग, बायपास. सगळे शब्द नळकामाचे. पाइपात कचरा अडकला, कारागिरानं तो काढला, काम संपलं. हे चित्र सोपं आहे आणि म्हणूनच घातक आहे, कारण हा आजार पोकळीचा नाही. तो रक्तवाहिनीच्या भिंतीचा आहे.

खरं तर या चुकीच्या चित्राचं मूळ आमच्या पडद्यातच आहे. अँजिओग्राफीत रक्तवाहिनी दिसते असं आपण म्हणतो, पण दिसते ती तिच्यातल्या डायची सावली. ओढा उंचावरून पाहिला तर पाण्याची रेघ दिसते. काठ कुठवर पोखरलाय, कुठल्या झाडाखालची माती सुटलीय, ते कळत नाही. ही सावली पाहायची सोय जगाला अगदी अलीकडे मिळाली. १९२९ साली जर्मनीतल्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरानं स्वतःच्या दंडातल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तशीच घेऊन चालत क्ष-किरणांच्या खोलीत जाऊन फोटो काढला. त्या काळी वरिष्ठांची बोलणी खाल्लेल्या या माणसाला १९५६ साली नोबेल मिळालं. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला मेसन सोन्स यांच्या हातून नजरचुकीनं हृदयाच्या रक्तवाहिनीतच डाय गेला आणि कॉरोनरी अँजिओग्राफीची वाट सापडली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी अडतीस वर्षांच्या एका पेशंटच्या हृदयातल्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. असे फुगे ते घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तयार करत. या माणसांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. माझं पोट त्यांच्या हिमतीवर चालतं. पण त्यांनी आपल्याला सावली दाखवली आणि आपण सावलीलाच आजार समजून बसलो.

भिंत मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्याकडे ओसीटीचं यंत्र आलं तेव्हा. बारीक कॅथेटरच्या टोकाला प्रकाशाची तार असते. डायचा झोत सोडून रक्त क्षणभर बाजूला सारायचं आणि तेवढ्यात तार मागे ओढून घ्यायची. काही सेकंदांत पडद्यावर रक्तवाहिनीचे आडवे काप उमटतात, भाकरीचे पापुद्रे मोजावेत इतके स्पष्ट. त्या दिवशीच्या पेशंटच्या अँजिओग्राफीत एका जागी जेमतेम चाळीस टक्के अरुंदपणा होता. आमच्या भाषेत 'काही विशेष नाही'. ओसीटीत त्याच जागी भिंतीच्या आत चरबीचा गडद साठा होता, आणि रक्त व तो साठा यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा. आमच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून जाडी मोजली. साठ मायक्रॉनच्या आसपास. मला एकदम दुधावरची साय आठवली. ती साय फाटली की खालची चरबी रक्ताला भिडते, रक्ताला वाटतं जखम झाली आणि ते आपलं काम करतं, गोठतं. काही मिनिटांत वाहिनी बंद.

म्हणजे काल संध्याकाळी ट्रेडमिलवर पास झालेला माणूस आज पहाटे जातो, तेव्हा लोक म्हणतात, "कालच तर सगळं नॉर्मल आलं होतं." त्यात नवल नाही. फार अरुंद झालेली जागा चालताना दुखून आपली ओळख देते. कमी अरुंद पण पातळ सायीची जागा काहीच सांगत नाही. १९८८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा २९ जणांच्या जुन्या अँजिओग्राफी काढून पाहिल्या, ज्यांना नंतर झटका आला होता. त्यांतल्या १९ जणांच्या बाबतीत झटक्यात बंद पडलेली वाहिनी आधीच्या चित्रात पन्नास टक्क्यांहूनही कमी अरुंद होती. त्याच्या आदल्याच वर्षी ग्लागोव्ह या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की चरबी साचायला लागली की रक्तवाहिनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. वाट तेवढीच राहते, भिंत मात्र जाड होत जाते. सुमारे चाळीस टक्के जागा चरबीनं व्यापेपर्यंत पोकळीला धक्काही लागत नाही. घरातल्या कर्त्या बाईसारखं शरीर ओढाताण आत ठेवतं आणि दारात कुणाला कळू देत नाही.

बाहेरच्या बाकावर नातेवाईक मला पहिला प्रश्न हाच विचारतात, "किती टक्के?" नव्वद म्हटलं की रडारड, चाळीस म्हटलं की पेढे. मी स्वतः चाळीसवाल्यांना हसत घरी पाठवलेलं आहे. आज ते आठवलं की वाईट वाटतं. त्या माणसाच्या भिंतीत आजार आहे याचा पुरावाच आमच्या हातात होता. तो तंबाखू मळत गाडीत बसला आणि आम्ही त्याला काही बोललो नाही.

हा आजार किती लवकर सुरू होतो? कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं उघडून पाहिली, त्याचा अहवाल १९५३ साली आला. सरासरी वय बावीस. चौघांतल्या तिघांहून अधिकांच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा होत्या. धडधाकट, पळणारी, बंदूक चालवणारी पोरं. म्हणजे पन्नाशीतला झटका ही शेवटच्या प्रकरणाची सुरुवात असते, पुस्तक तीस वर्षं आधीच उघडलेलं असतं. आपल्याकडे तर ते घाईनं वाचलं जातं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, बाकीच्या जगात जवळपास एकोणसाठाव्या. त्रेपन्न, तात्यांचंच वय. त्याच अभ्यासानं हेही सांगितलं, की झटक्याच्या जोखमीचा सुमारे नव्वद टक्के भाग नऊ गोष्टींनी उलगडतो. तंबाखू, बिघडलेली चरबी, रक्तदाब, साखर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्यांचा तुटवडा, हालचालीचा अभाव, दारूचं प्रमाण. यांतली एकही गोष्ट कॅथलॅबच्या टेबलावर दुरुस्त होत नाही.

आणि भिंत काही फक्त हृदयात नसते. जतकडचे एक वारकरी आमच्याकडे अँजिओग्राफीला आले होते. मनगटाची नाडी बारीक होती म्हणून जांघेतून जायचं ठरलं. जांघेतून जायच्या आधी आम्ही पायाच्या घोट्यापाशी आणि पावलावर नाडी चाचपतो, तो माझाच भाग असतो. उजव्या पावलावर ती सापडेना. मी तीनदा चाचपली. पाऊल गार, नडगीवरचे केस गळून कातडी तुळतुळीत. मी विचारलं, "बाबा, चालताना पाय दुखतो का?" ते म्हणाले, "पोटरीत गोळा येतो. थांबलं की जातो. परत चाललं की परत. वारी सुटली त्यापायी सहा वर्षं झाली. म्हटलं, वय झालं." त्यांच्या खिशात बिडीचं बंडल होतं. सहा वर्षांपूर्वी त्या पोटरीनं सांगून ठेवलं होतं, की बाबा, तुमच्या भिंती बिघडल्यात. तेव्हा कुणी पावलावर दोन बोटं ठेवली असती तर त्यांना गोळ्या सुरू झाल्या असत्या आणि बिडी सोडायला कारण मिळालं असतं. पायात भिंत अशी बोलते, मानेत लकवा होऊन बोलते, मूत्रपिंडात न आवरणारा रक्तदाब होऊन. एकच आजार, पण पोटरीला हाडांचा दवाखाना, लकव्याला कुठलंसं गावठी औषध आणि छातीला सोडा, असे आपण त्याचे तुकडे पाडून ठेवले आहेत.

तात्या वॉर्डात होते तोवर मी रोज जात राहिलो. गोळ्यांचं त्यांना कसं पटवावं ते मला सुचत नव्हतं. डॉक्टरांनी सांगून झालं होतं, सिस्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. शेवटी ते त्यांचं त्यांनाच सापडलं. बाहेर अवकाळी पाऊस लागला होता. तात्यांचा जीव बागेत. मुलाला फोनवर सांगत होते, "पाऊस थांबायची वाट बघू नको. आत्ताच ब्लोअर घाल. दावण्या पानावर दिसल्यावर औषध मारून काय उपयोग न्हाई, तवा आत मुरलेला असतोय." दावण्या म्हणजे द्राक्षावरची बुरशी. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो.

मी म्हटलं, "तात्या, पानावर काही दिसत नसताना औषध का मारता?"

"न्हाई मारलं तर घड जातोय."

"मग मागच्या वर्षी मारलं होतं, यंदा कशाला?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी गोळी ही फवारणी हाय."

त्या दिवसापासून आमचं बोलणं सोपं झालं. ठिबकच्या नळीचं चित्र आम्ही दोघांनी मिळून मोडलं. मी त्यांना सांगितलं, की रक्तवाहिनी ही प्लॅस्टिकची नळी नाही, ती जिवंत काडी आहे. तिची सगळ्यांत आतली कातडी पेशींच्या एकाच थराची असते, आणि रक्त आत न गोठता वाहत राहतं ते तिच्यामुळे. तंबाखू, साखर आणि रक्तदाब या कातडीला रोज ओरखडतात. स्टेंट म्हणजे त्या काडीत बसवलेली धातूची जाळी. ती रक्ताला परकी असते. कातडी तिच्यावरून वाढून तिला झाकून घेईपर्यंत महिने जातात. आजच्या स्टेंटवर पुन्हा आकसू नये म्हणून औषध लावलेलं असतं, त्यामुळे झाकायला आणखी उशीर लागतो. तोवर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या पहारा देतात. झटक्यानंतर सहसा वर्षभर दोन्ही, पुढे एक कायमची. बोटातलं रक्त थांबत नव्हतं, कारण गोळी काम करत होती. तेव्हा येऊन सांगायचं होतं, डॉक्टरांनी काही मार्ग काढला असता. हे मला त्यांना फेब्रुवारीत सांगता आलं असतं. मनगटाचा पट्टा बांधायला पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात ते मावतं.

तिसरी गोळी चरबीची. तिच्याबद्दल लोकांना सगळ्यात जास्त शंका. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं की ती पहिली सुटते. पण ती रिपोर्टसाठी नसतेच. ती भिंतीतला साठा आटवते आणि वरची साय जाड करते. या जातीच्या गोळ्यांचा शोध लावला अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञानं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सहा हजारांहून जास्त बुरशा तपासल्या आणि एका निळसर बुरशीत हे द्रव्य सापडलं. हे सांगितल्यावर तात्या पहिल्यांदा मोकळं हसले. "जल्म बुरशी मारण्यात गेला," ते म्हणाले, "आन् आता तिच्याच जिवावर जगायचं."

स्टेंटच्या बाजूनं बोलायचं तर, झटका चालू असताना तो जीव वाचवतो, हे मी रात्री-अपरात्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दार ते फुगा हे अंतर नव्वद मिनिटांच्या आत यावं म्हणून आम्ही जेवणाच्या ताटावरून उठतो. ते काम सोडून दुसरं काही करावंसं मला कधी वाटलं नाही. पण ज्याला झटका आलेला नाही, फक्त चालताना दुखतं आणि गोळ्यांनी आटोक्यात आहे, त्याची गोष्ट वेगळी. २००७ साली करेज आणि २०२० साली इस्केमिया, अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. अशा माणसांत नीट गोळ्या देऊन वर स्टेंट वगैरे केल्यानं आयुष्य वाढलं, असं दिसलं नाही. दुखणं कमी होतं, आणि तेही पुष्कळ आहे. पण घरातल्यांना वाटतं, स्टेंट टाकला म्हणजे आता पुढची पन्नास वर्षं बघायला नको. त्यांना हे स्पष्ट सांगायला हवं आणि ते आम्ही कॅथलॅबवाल्यांनीच सांगायला हवं. आमच्या तोंडून आलं तर पटतं.

पैशाचीही यात एक उलटी बाजू आहे. २०१७च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट एकोणतीस हजार सहाशेच्या आसपास आला, आधी तो लाखाच्या घरात जायचा. जनआरोग्य योजनेत तर गरिबाची अँजिओप्लास्टी विनामूल्य होते. पिवळं-केशरी रेशनकार्ड घेऊन आलेला माणूस ज्या टेबलावर झोपतो, त्याच टेबलावर कारखानदारही झोपतो. माझ्या नोकरीत घडलेली ही सर्वांत चांगली गोष्ट. पण मोठा खर्च सरकारनं उचलला, की महिन्याची गोळ्यांची पुडी घरच्यांना फुकाचा खर्च वाटायला लागते. लाखाचं काम झालं, मग चारपाचशेच्या गोळ्यांनी काय होणार? सरकारी दवाखान्यात किंवा जनऔषधी दुकानात त्याच गोळ्या स्वस्तात मिळतात, हेसुद्धा कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. आता दाबपट्टा बांधताना मी तेही सांगतो.

माझं वाक्यही मी बदललं. "झालं का ओ?" विचारलं की म्हणतो, "आजचं काम झालं. भिंतीचं काम आता घरी सुरू होतंय." पेशंटचा चेहरा पूर्वीसारखा सैल पडत नाही. तो विचारतो, कसली भिंत? मग पाच मिनिटं बोलणं होतं. द्राक्षवाल्याशी दावण्याचं, दूधवाल्याशी सायीचं. ऊसतोडणीच्या बाईला बागेचं काही सांगून उपयोग नाही. तिला कोयत्याचं सांगतो. धार रोज थोडी लावली तर टिकते, एकदम लावायला गेलं की पातं जातं. दाराशी उभे असलेले नातेवाईक अजून "किती टक्के?" विचारतात. मी विचारतो, "तंबाखू कोण कोण खातं घरात?"

मागच्या ऑक्टोबरात तात्यांच्या बागेत जाऊन आलो. एक एकर त्यांनी मुलाच्या नावावर केली होती, उरलेलीत माणसं लावून काम चालतं. पंपिंग तीसचं पस्तीस झालंय. बांधावरून शंभर पावलं चालले की ते शेडच्या खांबाला टेकतात. शेडमध्ये खिळ्याला त्यांची फवारणीची वही टांगलेली असते. माल परदेशी पाठवायचा तर प्रत्येक औषधाची तारीख, मात्रा, वेळ लिहून ठेवावी लागते, म्हणून तासगावकडे अशी वही घरोघरी दिसते. तात्यांनी ती माझ्या हातात दिली. रकान्यांच्या शेवटी पेन्सिलीनं त्यांनी आणखी एक रकाना आखला होता. मी पानं चाळली. छाटणीनंतरच्या पावसाळी दिवसांच्या नोंदी होत्या.

'१४. पाऊस. बोर्डो मारला. गोळ्या घेतल्या.'

'१५. पाऊस. चिखल. ट्रॅक्टर आत गेला नाही. गोळ्या घेतल्या.'